वाचकांचे प्रश्न : दारातली गाडी आणि घरातली वीज

इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीतली वीज घरासाठी कशी वापरावी, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. तीन शब्द पुन्हा पुन्हा येतील, म्हणून आधीच सांगतो. गाडीतून सॉकेट मिळतं आणि त्यावर उपकरणं चालतात, ते व्हीटूएल. गाडी घराच्या वायरिंगला रीतसर जोडलेली असते, ते व्हीटूएच. गाडी महावितरणसारख्या कंपनीच्या जाळ्यात वीज परत देते, ते व्हीटूजी. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांत आज यातलं फक्त पहिलं मिळतं.

प्रश्न : माझ्या गाडीची बॅटरी ४०.५ युनिटांची आहे आणि व्हीटूएल ३.३ केव्हीएचं आहे. “वीज गेली तर अख्खं घर चालेल,” असं गाडी घेताना सांगितलं होतं. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा दोन-तीन तास वीज जाते. खरंच घर चालेल का? – वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

अख्खं घर चालणार नाही, घरातली निवडक उपकरणं चालतील. दोन आकडे वेगवेगळे धरा. एका वेळी किती वॅट खेचता येतील, हा पहिला. एकूण किती युनिटं वापरता येतील, हा दुसरा. बॅटरी कितीही मोठी असली तरी पहिला आकडा ३.३ केव्हीए (साधारण ३,३०० वॅट) इतकाच राहतो, म्हणजे २३० व्होल्टला साधारण १४ अँपिअर. एकटा ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर तेवढे खाऊन टाकतो. इंडक्शन शेगडी २ किलोवॅटची आणि दीड टनाचा एसी दीड किलोवॅटच्या आसपास. दोन्ही एकदम लावलेत तर गाडी पुरवठा तोडेल.

आता रात्रीचा साधा हिशोब करू. तीन पंखे (७५ वॅटचे) २२५ वॅट, सहा एलईडी ५४, वायफाय १२, आणि फ्रिज चालू असताना दीडशे. फ्रिज सतत चालत नाही आणि दिवेही रात्रभर जळत नाहीत, म्हणून सरासरी ४०० वॅट धरा. बॅटरी ९० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आणायची तर हाताशी २४.३ युनिटं येतात. बॅटरीतली डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलताना दहाएक टक्के वीज जाते, म्हणजे ४०० वॅट द्यायला बॅटरीतून ४४५ निघतात. शिवाय व्हीटूएल चालू असताना गाडीचे संगणक, रिले आणि १२ व्होल्टची बॅटरी चार्ज करणारा भाग जागे असतात. तो खर्च गाडीगणिक बदलतो, आपण २०० वॅट धरू. एकूण ६४५ वॅट. भागाकार केला की ३७ तासांच्या वर जातं. म्हणजे दीड दिवस निघेल, आणि गाडीत दवाखाना गाठण्याएवढं चार्जिंगही शिल्लक राहील.

पण हे २०० वॅट विसरू नका. एक दिवा आणि वायफायसाठी गाडी चालू ठेवलीत, तर ३० वॅट घरात येतात आणि त्याच्या सहा-सात पट वीज गाडी स्वतःवरच खर्च करते. दोन-तीन तासांच्या खोळंब्याला १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी असलेला साधा इन्व्हर्टर पुरतो. कागदावर तिची १.८ युनिटं होतात, हाती सव्वा युनिट येतं, आणि ४०० वॅटवर तीन तास निघतात. तुमच्या घरासाठी आमचा सल्ला हाच आहे. गाडीचा उपयोग वीज दिवसभर किंवा त्याहून जास्त जाते तेव्हा आहे.

प्रश्न : ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या वाडीत कितीतरी दिवस वीज नव्हती. आता इलेक्ट्रिक गाडी घेतली आहे. ओळखीचा वायरमन म्हणतो, दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून देतो. एक टोक गाडीच्या सॉकेटमध्ये, दुसरं घरातल्या कुठल्याही पॉवर पॉइंटमध्ये घालायचं, मेन स्विच तेवढा बंद ठेवायचा. करू का? – वाचक, दापोली

अजिबात करू नका, आणि ती वायर कोणी करून ठेवली असेल तर आजच तोडून टाका.

पहिला धोका हातातच असतो. एक टोक गाडीत घातलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट असतात. दुसरा धोका खांबावर चढलेल्या माणसाला. मेन स्विच बंद करायचं एकदा जरी राहिलं, तरी तुमच्या गाडीची वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते आणि ट्रान्सफॉर्मरला खालच्या बाजूने मिळते. जो ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४३३ करतो, तो उलट्या दिशेने तेवढंच वर चढवतो. एवढा भार आला की गाडी बंद पडेल, असं काहींना वाटतं. आख्खी वाडी जोडलेली असेल तर पडेलही. पण वादळात तार मध्येच तुटलेली असते, तुकड्यावर एक-दोनच घरं उरतात, आणि तो तुकडा जिवंत राहतो. नेमक्या त्याच तुकड्यावर महावितरणचा जनमित्र (लाइनमन) तार जोडायला येतो. त्याने आपल्या बाजूने सगळं बंद केलेलं असतं. तुमच्या घरातून वीज येत असेल, हे त्याला कळायला मार्ग नाही. तिसरा धोका गाडीला. व्हीटूएल चालू असताना बाहेरची वीज परत आली, तर दोन वेगळ्या लहरी समोरासमोर येतात आणि गाडीतला चार्जर जळतो.

बरोबर पद्धत अशी. घरातली निवडक सर्किटं वेगळी काढून त्यांची छोटी डीबी (वीज वाटणारी पेटी) करा: दिवे, पंखे, फ्रिज, एखादा ६ अँपिअरचा पॉइंट. या डीबीच्या आधी दोन पोलचा, मध्ये ‘बंद’ स्थिती असलेला ३२ किंवा ४० अँपिअरचा चेंजओव्हर स्विच बसवा. वर महावितरण, खाली गाडी, मध्ये काहीच नाही. खटका एका वेळी एकाच बाजूला जाऊ शकतो, त्यामुळे विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. गाडीच्या बाजूला १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह झाला की उडणारा खटका) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की उडणारा खटका) हवा. भिंतीवर बाहेरच्या बाजूला झाकणाचा, निळा, तीन पिनांचा १६ अँपिअरचा इंडस्ट्रियल इनलेट बसवा. या इनलेटच्या पिना आत, भिंतीच्या बाजूला असतात आणि केबलच्या टोकाला भोकांचं सॉकेट असतं. त्यामुळे उघड्या पिनेवर वीज कधीच येत नाही. केबल तीन कोअरची, तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची, रबरी आवरणाची घ्या. तीस मीटर लांब असली आणि १० अँपिअर वाहत असले, तरी साडेचार व्होल्टच पडतात. टीव्हीमागचा ०.७५ मिलिमीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड इथे चालणार नाही. केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून वापरू नका. आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्या आणि टेस्ट रिपोर्ट मागून घ्या.

आता न्यूट्रलचं. चेंजओव्हर दोन पोलचाच का? फक्त फेज बदलला आणि न्यूट्रल सामाईक ठेवला, तर गाडीचा न्यूट्रल महावितरणच्या न्यूट्रलला चिकटलेला राहतो. परतीचा प्रवाह वाटा फुटून जातो, आरसीसीबी कारण नसताना उडतो, किंवा गाडीला गळती दिसते आणि ती व्हीटूएल बंद करते. “लावलं की पाच सेकंदांत बंद होतं” अशी तक्रार असेल, तर बहुतेक वेळा मूळ इथेच सापडतं.

अर्थिंगही तपासा. गाडी टायरांवर उभी असते, तिला जमिनीचा आधार केबलमधल्या हिरव्या वायरीतूनच मिळतो. काही गाड्या आतच न्यूट्रल आणि अर्थ जोडतात, काही दोन्ही तारा तरंगत्या, म्हणजे अर्थला न जोडलेल्या, ठेवतात. घराला जोडण्याआधी गाडीच्या सॉकेटवर ठेकेदाराला मल्टिमीटर लावायला सांगा. फेज-अर्थ २३० आणि न्यूट्रल-अर्थ शून्याजवळ आलं, तर जोडलेलं आहे. दोन्हीकडे शंभर-सव्वाशेच्या आसपास आलं, टेस्टर दोन्ही तारांवर मंद पेटला, तर तरंगतं आहे. तरंगत्या गाडीवर पहिला दोष झाला तरी आरसीसीबी उडत नाही, कारण प्रवाहाला परतीचा रस्ताच नसतो. म्हणून अशा वेळी वॉशिंग मशीन, पंप, ओल्या हाताने लागणारं काहीही त्यावर लावू नका. घरात न्यूट्रल-अर्थ जोडून हा प्रश्न परस्पर सोडवायला जाऊ नका. गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तरच.

कोकणातल्या पावसासाठी एक शेवटची गोष्ट. चार्जिंग पोर्टवरचा अडॅप्टर आणि त्यात खोचलेला प्लग यांचा सांधा पाण्याला सर्वांत कच्चा असतो. गाडी छपराखाली हवी, आणि केबलला सांध्याच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळतं आणि प्लगपर्यंत जात नाही.

प्रश्न : मी वेगळी युक्ती केली. घरच्या इन्व्हर्टरचा प्लग भिंतीतून काढला आणि गाडीच्या व्हीटूएल सॉकेटमध्ये लावला. इन्व्हर्टरवर ‘मेन्स ऑन’ दिसतं, बॅटरीही चार्ज होते, पण घरातले दिवे-पंखे बंद पडले. बिघाड कशात आहे? – वाचक, नाशिक

बिघाड कशातच नाही. तुमच्या घराचं वायरिंग बहुतेक घरांसारखंच आहे. आपल्याकडे इन्व्हर्टर बसवताना त्याच्या आउटपुटची फक्त फेज दिव्या-पंख्यांना देतात. न्यूट्रल वेगळा ओढत नाहीत. दिव्यातून आलेला प्रवाह घराच्या नेहमीच्या न्यूट्रल पट्टीवर जातो, तिथून भिंतीच्या सॉकेटमधून इन्व्हर्टरच्या प्लगमध्ये आणि तिथून इन्व्हर्टरमध्ये परततो. तुम्ही प्लग भिंतीतून काढलात, तेव्हा हा परतीचा रस्ताच तुटला. फेज येते, न्यूट्रल नाही.

इन्व्हर्टरचा न्यूट्रल एका वायरीने घराच्या न्यूट्रल पट्टीला जोडला की दिवे लागतील, पण तसं करू नका. मग गाडीचा न्यूट्रल थेट बाहेरच्या लाइनला जोडला जातो, आणि वर सांगितलेलं सगळं पुन्हा सुरू होतं. इन्व्हर्टरवरच्या सर्किटांचे न्यूट्रल शोधून वेगळ्या पट्टीवर काढून घ्या आणि ती पट्टी इन्व्हर्टरच्या आउटपुट न्यूट्रलला जोडा. नव्या घरात हे दोन तासांचं काम आहे. जुन्या घरात, जिथे पाच खोल्यांचा न्यूट्रल एकाच वायरीवर फिरवलेला असतो, तिथे भिंती फोडाव्या लागतील; त्यापेक्षा चेंजओव्हर स्वस्त पडेल.

युक्ती मात्र चांगली आहे. अशा जोडणीत इन्व्हर्टर मधल्या रखवालदाराचं काम करतो: गाडी बंद झाली तरी दिवे जात नाहीत. तो ९०० व्हीएचा असेल तर मर्यादा ९०० व्हीएचीच राहील, गाडीची ३.३ केव्हीए नाही.

प्रश्न : गच्चीवर ३ किलोवॅटची सोलर आहे, नेट मीटर आहे. वीज गेली की भर उन्हातही सोलर बंद पडते. गाडीचं व्हीटूएल घराला दिलं तर सोलरला ‘ग्रीड आहे’ असं वाटून ती सुरू होईल का? – वाचक, सातारा

सुरू होईल, पण पंचाईत तिथूनच सुरू होते. बाहेरची वीज गेल्यावर सोलर इन्व्हर्टर मुद्दामच बंद होतो, लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या सुरक्षेसाठी. गाडीची २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची लहर दिसली, तर तो त्या लहरीशी जुळवून घेऊन वीज सोडायला लागतो. दुपारी पॅनेल अडीच किलोवॅट देत आहेत आणि घरात पाचशे वॅटच चालू आहेत, तर उरलेले दोन हजार वॅट जाणार कुठे? व्हीटूएलच्या बाजूने वीज आत घेण्याची सोय नसते. व्होल्टेज चढतं. नशीब असेल तर दोघांपैकी एक जण आधी बंद पडतो, नाहीतर गाडीतला चार्जर किंवा घरातला टीव्ही जातो. चेंजओव्हर गाडीच्या बाजूला असताना सोलरचा एमसीबी त्या छोट्या डीबीवर येताच कामा नये. ठेकेदाराला हे स्वतंत्रपणे सांगा.

वीज गेल्यावरही सोलर चालायला हवी असेल, तर बॅटरी जोडलेला हायब्रिड इन्व्हर्टर हाच रस्ता आहे. गाडी आणि सोलरची जोडी दुसऱ्या तऱ्हेने उत्तम जमते. ३ किलोवॅटची सोलर स्वच्छ उन्हात दिवसाला १२ युनिटांच्या आसपास देते. गाडी दिवसा घरी असेल तर १५ अँपिअरच्या चार्जरवर त्याच वेळी चार्ज करा. वादळाचा इशारा आला की आदल्या दुपारी ती भरून ठेवा.

प्रश्न : रात्री गाडी चार्ज करून संध्याकाळी ग्रीडला वीज विकता येते, असं परदेशातल्या बातम्यांत वाचतो. ठाण्यात कधी? आणि फायदा किती? – वाचक, ठाणे

घरगुती ग्राहकाने गाडीतून वीज विकावी, अशी सर्वसाधारण सोय आज महाराष्ट्रात नाही. व्हीटूएल असलेली गाडीही त्यासाठी चालणार नाही. व्हीटूएल स्वतःची लहर स्वतः बनवतं. ग्रीडला वीज द्यायची तर ग्रीडच्या लहरीशी तंतोतंत जुळावं लागतं, वीज गेली की क्षणात थांबावं लागतं, आणि मोजणीसाठी चार्जरशी व कंपनीशी सतत बोलावं लागतं. आपल्याकडच्या सीसीएस-२ या प्लगच्या पद्धतीच्या चार्जिंगसाठी या दुतर्फा संवादाचे नियम आयएसओ १५११८-२० या मानकात २०२२ मध्ये आले. गाडी आणि चार्जर दोघांनीही ते पाळलेले हवेत. एकाने पाळून उपयोग नाही.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत विलेट केम्प्टन आणि स्टीव्हन लेटेंद्रे यांनी १९९७ मध्ये ती मांडली. घरापुरती ती सगळ्यांत आधी जपानने मनावर घेतली: मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर, २०१२ मध्ये, निसानच्या लीफ गाडीतून घराला ६ किलोवॅट देणारं यंत्र बाजारात आलं. ते चाडेमो पद्धतीच्या चार्जिंगवर चालतं, आणि ती पद्धत आपल्या आजच्या गाड्यांत नाही. त्यामुळे ते यंत्र इथे आणून उपयोग नाही. डेन्मार्कमध्ये फ्रेडरिक्सबर्गला २०१६ पासून निसानच्या दहा व्हॅन ग्रीडची वारंवारिता (फ्रिक्वेन्सी) सावरण्याचं काम करत होत्या. तिथे पैसे विकलेल्या युनिटांचे नव्हते, हाकेला हजर राहण्याचे होते. हा फरक महत्त्वाचा आहे.

कारण नुसत्या युनिटांच्या खरेदी-विक्रीत हाती फार उरत नाही. समजा, युनिट ७ रुपयांना घेतलं आणि संध्याकाळी १० रुपयांना विकलं. जाता-येता २० टक्के गळती होते, म्हणजे १० युनिटं घेतलीत तर ८ विकता. खर्च ७०, मिळकत ८०. दिवसाला दहा रुपये, आणि त्यासाठी दुतर्फा चार्जरचा खर्च लाखांत. त्यापेक्षा टीओडी (वेळेनुसार दर लावणारा) मीटर असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या सवलतीच्या वेळेत गाडी चार्ज करा. त्याला नवं काहीच विकत घ्यावं लागत नाही.

प्रश्न : विहिरीवरचा १ एचपीचा सिंगल फेज पंप गाडीवर चालेल का? – वाचक, तासगाव

चालताना तो ५-६ अँपिअर घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे २५ ते ३० अँपिअर मागतो. १४-१५ अँपिअरचं व्हीटूएल तिथेच तुटतं. अर्ध्या एचपीचा घरगुती पंप काठावर आहे: बाकी सगळं बंद करून एकदा प्रयत्न करा, दोनदा तुटला तर सोडून द्या. पंपाचा कपॅसिटर जुना झाला असेल तर तो आणखी जोर मागतो, म्हणून आधी कपॅसिटर बदलून बघा.

प्रश्न : घराला वीज दिल्याने गाडीची बॅटरी लवकर जाईल ना? – वाचक, कोल्हापूर

वर्षात शंभर रात्री, रोज पाच युनिटं वापरलीत तर ५०० युनिटं होतात. ४० युनिटांच्या बॅटरीची ती साडेबारा पूर्ण आवर्तनं, किंवा एका युनिटात सहा-सात किलोमीटर धरले तर तीन-साडेतीन हजार किलोमीटरचं चालवणं. अर्ध्या किलोवॅटचा ओढाही अगदी हलका आहे. घाटात गाडी त्याच्या कितीतरी पट खेचते. बॅटरी थकते ती जास्त करून उन्हात १०० टक्के भरून दिवसेंदिवस उभी ठेवल्याने. वॉरंटीच्या कागदात मात्र व्हीटूएलबद्दलचं कलम वाचा, आणि गाडीच्या पडद्यावर मर्यादा ठरवता येत असेल तर ३० टक्क्यांवर ठेवा.

प्रश्न : इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी काढून घरच्या इन्व्हर्टरला लावता येईल? – वाचक, लातूर

नाही. घरचा इन्व्हर्टर १२ किंवा २४ व्होल्टचा असतो, स्कूटरची बॅटरी साधारण ५० व्होल्टची. शिवाय इन्व्हर्टर लेड-अॅसिडच्या पद्धतीने चार्ज करतो. ती लिथियमला मानवत नाही, आग लागू शकते.

प्रश्न : वडिलांना ५ लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. इन्व्हर्टर नाही, गाडी आहे. तिच्यावर विसंबावं का? – वाचक, डोंबिवली

कॉन्सन्ट्रेटर ३०० ते ४०० वॅट घेतो. गाडीला तो जड नाही, आणि वर दिलेल्या हिशोबाने दिवसभर सहज चालेल. अडचण मधल्या वेळेची आहे. वीज जाते तो क्षण आणि तुम्ही किल्ली शोधून, खाली जाऊन, अडॅप्टर लावून, केबल वर आणता तो क्षण, यांत दहा मिनिटं जातात. रात्री तीन वाजता वीस. गाडी कुणी बाहेर नेलेली असली तर तीही नाही. म्हणून आधी कमीत कमी ९०० व्हीएचा इन्व्हर्टर घ्या आणि कॉन्सन्ट्रेटर त्यावरच लावा. गाडी त्याच्यामागे, लांबलेल्या रात्रीसाठी. ऑक्सिजनचा भरलेला बी-टाइप सिलिंडर रेग्युलेटर आणि पाना लावूनच पलंगाशी ठेवा: त्यात सुमारे १,५०० लिटर असतात, म्हणजे मिनिटाला २ लिटरने बारा तास, ५ लिटरने पाच तास. महिन्यातून एकदा दिवसा मेन बंद करून, वडिलांजवळ दुसरं माणूस बसवून, इन्व्हर्टरपासून गाडीपर्यंत सगळं जोडून बघा आणि किती मिनिटं लागली ते सिलिंडरला चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवा.